मागच्या बाकावरचे गणित

फुजी पर्वतावर जाणारी गोतेंबा वाट सुमारे ९ किलोमीटर लांब आहे. वर जाऊन परत येण्याची १८ किलोमीटरची चाल रात्री आठ वाजेपर्यंत पुरी व्हायला हवी. तोशी नावाच्या मुलाचा अंदाज असा, की चढताना आपला सरासरी वेग ताशी दीड किलोमीटर राहील आणि उतरताना त्याच्या दुप्पट; जेवणाचा आणि विसाव्याचा वेळ त्यातच धरलेला आहे. तर त्याने उशिरात उशिरा किती वाजता चढायला लागावे? पंधरा वर्षांच्या मुलांची गणिताची जाण देशोदेशी मोजणाऱ्या ‘पिसा’ चाचणीत २०१२ साली हा प्रश्न होता आणि पुढे तो नमुना म्हणून सर्वांसाठी खुला झाला. त्याला लागणारे गणित सहावी-सातवीच्या पलीकडचे नाही. चढायला सहा तास, उतरायला तीन, असे नऊ तास होतात आणि रात्रीच्या आठातून नऊ तास मागे गेले की सकाळचे अकरा वाजतात. तरीही पिसाच्या मोजमापात हा प्रश्न अवघड श्रेणीत मोडतो, कारण कोणती क्रिया कोणत्या क्रमाने करायची, हे त्यात सांगितलेले नाही.

मी नागपुरात एका अध्यापक विद्यालयात गणिताची अध्यापनपद्धती शिकवते. माझ्यासमोरचे छात्राध्यापक उद्या काटोल, उमरेड, रामटेक, हिंगणा अशा तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत किंवा शहरातल्या एखाद्या अनुदानित शाळेत उभे राहणार असतात. तोशीचा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्गातून पहिली शंका बहुधा एकच येते: “मॅडम, याला सूत्र कोणतं लावायचं जी?” ही शंका विचारणारी मुले मंद नसतात. त्यांतल्या अनेकांना दहावीला गणितात चांगले गुण असतात. पण गणित म्हणजे आधी सूत्र आणि मग आकडे, हा क्रम त्यांच्या अंगवळणी इतका पडलेला असतो, की सूत्राचा पत्ता न दिलेले उदाहरण त्यांना अपुरे वाटते. देशोदेशींच्या मुलांच्या गणिताची तुलना मी गेली अनेक वर्षे वाचत आले आहे, ती या शंकेचे उत्तर शोधत.

तुलनेची मुख्य साधने दोन आहेत. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची संघटना २००० सालापासून पिसा घेते. त्यात मूल सातवीपासून पुढच्या कोणत्याही इयत्तेत असो, पंधराव्या वर्षी शिकलेले गणित व्यवहारात वापरता येते का, हे पाहिले जाते. दुसरी चाचणी ‘टिम्स’. ती १९९५ पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीसाठी होते आणि शाळेत जे शिकवले गेले ते कितपत आले, हे तपासते. दोन्ही चाचण्यांच्या याद्यांत वरची नावे बहुतेक तीच असतात. २०२२ च्या पिसात ८१ देश आणि प्रदेश होते, सुमारे ६ लाख ९० हजार मुले होती. गणितात सिंगापूरला ५७५ गुण मिळाले. त्याच्या मागोमाग मकाव ५५२, तैवान ५४७, हाँगकाँग ५४०, जपान ५३६ आणि दक्षिण कोरिया ५२७. युरोपातला एस्टोनिया ५१० गुणांसह या सहांच्या पाठोपाठ आला. ओईसीडी देशांची सरासरी ४७२ होती आणि अमेरिकेला ४६५ गुण होते. साधारण २० गुणांचा फरक म्हणजे एका वर्षाच्या शिक्षणाचा फरक, असा ढोबळ हिशेब ओईसीडीच देते. तो लावला तर या याद्यांतले अंतर किती मोठे आहे, हे ध्यानात येते.

या यादीत भारत नाही. आपण एकदाच त्या आरशासमोर उभे राहिलो होतो. २००९ च्या फेरीला जोडून घेतलेल्या चाचणीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये उतरली. शालेय शिक्षणात ती पुढारलेली मानली जात होती, म्हणूनच त्यांची निवड झाली असावी. निकाल २०११ च्या अखेरीस आला. गणितात तमिळनाडूला ३५१ आणि हिमाचलला ३३८ गुण मिळाले. ७४ सहभागींमध्ये त्यांच्या खाली फक्त किरगिझस्तान होता. त्याच फेरीत शांघायला ६०० गुण होते. त्यानंतर प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक वातावरणाशी जुळत नाहीत, असे कारण देऊन भारताने पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले. २०१९ मध्ये पुन्हा सहभागी होण्याचे ठरले, पण करोनामुळे ती फेरी पुढे गेली आणि प्रत्यक्षात भारतातली मुले तिला बसली नाहीत.

प्रश्न परके होते, या तक्रारीत थोडे तथ्य आहे. ज्या मुलाने पर्वत चढण्याची हौस कधी पाहिली नाही, त्याला तोशीची घाई समजायला एक क्षण जास्त लागेल. परंतु ही तक्रार फार लांबवर जात नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात मुलाच्या घरी जाऊन, त्याच्याच भाषेत, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगतात. त्यात फुजी नाही, गिर्यारोहण नाही, परके काहीच नाही. २०२४ च्या असरमध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांना हा भागाकार आला आणि आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांना. म्हणजे आठ वर्षे शाळेत गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना सरळ मांडलेला भागाकार करता येत नाही. सरकारी ‘परख’ सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये झाले, त्यातही गणिताची देशपातळीवरची सरासरी तिसरीला ६० टक्के, सहावीला ४६ आणि नववीला ३७ अशी उतरत गेलेली दिसते. जसजशी इयत्ता वाढते तसतसे मूल गणितापासून दूर जाते, हे या आकड्यांचे सरळ वाचन आहे आणि माझ्या वर्गात येणाऱ्या छात्राध्यापकांच्या वह्या पाहिल्या की त्यावर विश्वास बसतो.

आता दुसरी बाजू पाहावी लागेल, नाही तर चित्र खोटे होईल. २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथ येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या सहा मुलांच्या संघाने चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून चौथा क्रमांक पटकावला; तोवरची ती आपली सर्वोत्तम कामगिरी होती. नागपुरातही रामदासपेठेपासून धरमपेठेपर्यंत शिकवणी वर्गांच्या पाट्याच पाट्या लागलेल्या आहेत, त्यांवर जेईईत पहिल्या शेकड्यांत आलेल्या मुलांचे चेहरे असतात आणि ती मुले खरोखरच कठीण गणिते सोडवतात. मग हे दोन्ही एकाच देशात कसे? जिष्णू दास आणि ट्रिस्टन झायोंक या अर्थतज्ज्ञांनी राजस्थान आणि ओडिशातल्या नववीच्या मुलांना टिम्सचे खुले झालेले प्रश्न देऊन पाहिले होते. सरासरी खालची आली, हे अपेक्षितच होते. मला महत्त्वाचे वाटले ते दुसरे निरीक्षण: वरच्या थरातली मुले आणि तळाची मुले यांच्यातली दरी जगातल्या सर्वांत रुंद दऱ्यांपैकी एक निघाली.

माझे सगळे म्हणणे या दरीपाशी येऊन थांबते. देशांच्या याद्या वर्तमानपत्रात येतात तेव्हा वाचक त्यांत आपल्या हुशार मुलांचा क्रमांक शोधतो, पण देशाची सरासरी पहिल्या बाकावरून ठरत नाही. २०२२ मध्ये सिंगापूरच्या ४१ टक्के मुलांनी पिसाच्या वरच्या दोन पातळ्या गाठल्या, हे खरे, आणि त्याचेच कौतुक अधिक झाले. पण त्याच सिंगापूरमध्ये ९२ टक्के मुले किमान मानल्या गेलेल्या दुसऱ्या पातळीपर्यंत पोहोचली होती. ओईसीडी देशांत हे प्रमाण ६९ टक्के होते. तमिळनाडूत २००९ च्या फेरीत ते १५ टक्के होते आणि हिमाचलात १२. यादीतले अंतर पडते ते इथे. ज्या देशांनी मागच्या बाकावरच्या मुलाला सोडून पुढे जायचे नाही असे ठरवले, ते देश वर आहेत. आपण सोडून पुढे जातो, आणि ‘पोर्शन पूर्ण करायचा आहे’ हे त्याचे कारण सांगतो.

या याद्या वाचताना सावधही राहावे लागते. चीनच्या नावाने गाजलेले आकडे कधी एकट्या शांघायचे असतात, कधी निवडक चार प्रांतांचे. खेड्यांतून शहरात कामाला आलेल्या कुटुंबांची मुले त्यांत किती मोजली गेली, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. व्हिएतनामने २०१२ मध्ये ५११ गुण मिळवून अमेरिका आणि ब्रिटन दोघांना मागे टाकले, त्या गरीब देशाचे मला आजही मनापासून कौतुक वाटते, पण त्या वेळी तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून थोडीच अधिक मुले या मोजणीच्या कक्षेत होती. बाकीची शाळेबाहेर होती किंवा खालच्या इयत्तांत अडकली होती. फिनलंडचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. २००३ मध्ये ५४४ गुणांसह फिनलंड ओईसीडी देशांत पहिला होता आणि जगभरचे शिक्षणाधिकारी हेलसिंकीला जाऊन येत होते. तेव्हाच, २००५ साली, फिनलंडमधल्या दोनशेहून अधिक गणिताच्या प्राध्यापकांनी आणि अध्यापकांनी जाहीर पत्र लिहून बजावले, की पिसा आमच्या मुलांच्या गणिताचे अर्धेच सत्य सांगते. अपूर्णांक आणि बीजगणित यांत ती कच्ची होत चालली आहेत. २०२२ पर्यंत फिनलंडचे गुण ४८४ वर आले. आणि जपान-कोरियातली मुले उत्तम गुण मिळवूनही गणिताची धास्ती सरासरीपेक्षा जास्त बाळगतात, हेही पिसाच्याच प्रश्नावलीतून २०१२ मध्ये पुढे आले होते. गुण हा एक आकडा आहे. मूल त्याहून मोठे आहे, हे शिक्षकाला विसरून चालत नाही.

मग पूर्व आशियातली मुले गणितात पुढे का, याचे एक उत्तर भाषेत शोधले गेले. चिनी, जपानी आणि कोरियन भाषांत अकराला ‘दहा एक’ आणि एकवीसला ‘दोन दहा एक’ अशा अर्थाची नावे आहेत, त्यामुळे दशक-एककाची रचना मुलाच्या कानावर बोलण्यातूनच पडते. अमेरिकी आणि चिनी बालकांच्या मोजण्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दहापर्यंत दोघे बरोबरीने चालताना आणि दहाच्या पुढे चिनी मुले सुटत जाताना दिसली. मराठीत तर शंभरापर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव वेगळे पाठ करावे लागते, आणि एकोणतीस म्हणताना तिसाची आठवण आधी येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते मुलांच्या सोयीसाठी सुचवले होते. त्यावर केवढा गदारोळ झाला! विधिमंडळात चर्चा झाली, मराठी बुडाल्याची भाषा झाली. मला तो बदल तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो, कारण लहान वयात ५७ आणि ७५ यांची उलटापालट करणारी मुले मी सराव पाठांच्या वेळी सतत पाहते आणि ‘पन्नास सात’ म्हटले की त्यांची लेखणी सरळ चालते. मात्र या कारणाला जेवढे वजन आहे तेवढेच द्यावे. सिंगापूरची मुले गणित इंग्रजीत शिकतात, ज्या भाषेत अकरा-बारा अजिबात सरळ नाहीत. उलट तमिळमध्ये एकवीसला ‘वीस एक’ असेच म्हणतात, आणि तरी तमिळनाडूचे गुण ३५१ होते. संख्यांची नावे पहिली-दुसरीतली चढण सोपी करतात. पुढच्या दहा वर्षांचा प्रवास त्यांच्यावर ठरत नाही.

आपल्या मुलांच्या डोक्यात गणित नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर किंवा कॉटन मार्केटमध्ये भाजीच्या ढिगाशेजारी बसलेल्या मुलाकडून तीन-चार जिन्नस घ्यावेत. साठ रुपये किलोची अद्रक पावभर, चाळीस रुपयांचे टमाटे दीड किलो, दहाची सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, आणि वर दिलेली शंभराची नोट. मूल पंधरा सुटे परत करते आणि तोवर त्याचे लक्ष पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलेले असते. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा असाच, पण काटेकोर अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०२५ च्या सुरुवातीस ‘नेचर’ या नियतकालिकात आला. ही मुले कागदाशिवाय गुंतागुंतीचे व्यवहार अचूक करत होती आणि तीच वजाबाकी-भागाकार शाळेच्या मांडणीत समोर ठेवले की अडत होती. आणखी धक्कादायक भाग पुढे आहे: शाळेत नियमित जाणारी, मांडलेली उदाहरणे सोडवणारी मुले बाजारातल्या व्यवहारापुढे तशीच अडली. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या फेरीवाल्या मुलांबाबत १९८५ मध्ये तेरेझिन्या काराहर आणि सहकाऱ्यांनी पहिली बाजू दाखवून दिली होती. आपल्याकडच्या अभ्यासाने दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या.

या निष्कर्षाने मी अनेक दिवस अस्वस्थ होते, आणि त्याला कारण आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. इतवारीतल्या दुकानांवर बसणारी जुनी माणसे ‘सतरा दिडे साडेपंचवीस’ असे सहज म्हणत. पाठांतराच्या त्या छडीमार पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. ती अनेकांना शाळेबाहेर घालवणारी होती, आणि कोणाला तिच्यापर्यंत पोहोचू द्यायचे हे जातीवर ठरत होते. पण बाजारातले पाव-पाऊण आणि पाटीवरचे पाव-पाऊण तिथे एकच होते. आज पाचवीच्या वर्गात तेच मूल ३/४ हा अपूर्णांक ‘तीन छेद चार’ असा वाचते आणि घरी जाऊन पाऊण किलो साखर आणते. या दोहोंचा संबंध लावून देणे हे शिक्षकाचे काम होते आणि ते राहून गेले.

शिक्षकाकडून ते का राहून जाते, याचे सर्वांत नेमके उत्तर मला एका तुलनेत सापडले, आणि ती तुलना मुलांची नव्हती. लिपिंग मा या संशोधिकेने अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना एकच प्रश्न विचारला होता: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि मुलांना समजावे म्हणून यावर एखादी गोष्ट किंवा प्रसंग रचा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी ९ जणांनी आकडेमोड बरोबर पुरी केली आणि योग्य प्रसंग फक्त एकाला रचता आला. चीनमधल्या ७२ च्या ७२ शिक्षकांचे उत्तर बरोबर होते आणि त्यांपैकी ६५ जणांनी योग्य प्रसंगही रचला. चीनमधल्या या शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकी शिक्षकांपेक्षा वर्षांच्या हिशेबात कमीच होते.

हाच प्रश्न मी माझ्या छात्राध्यापकांना देते. आकडेमोडीत ते अमेरिकी शिक्षकांपेक्षा बरे ठरतात: सात छेद चार, भागाकाराचा गुणाकार, दुसरा अपूर्णांक उलटा, उत्तर साडेतीन. मग प्रसंग रचायला सांगितला की वर्ग गप्प होतो. जे लिहितात त्यांतल्या पुष्कळांचा प्रसंग असा असतो: पावणेदोन भाकरी दोघा भावांत अर्ध्या-अर्ध्या वाटल्या. हा दोनने भागाकार झाला, अर्ध्याने नव्हे. त्याचे उत्तर पाऊण भाकरीपेक्षा थोडे अधिक येते आणि आताच काढलेल्या साडेतीनशी ते जुळत नाही, तरी दोन्ही उत्तरे वहीत एकाखाली एक शांतपणे बसलेली असतात. शेवटी कोणीतरी मुलगी, बहुधा जिच्या घरी गाईम्हशी आहेत, म्हणते, “पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजलं, तर साडेतीन मापं होतील ना मॅडम?” त्या क्षणी वर्गातले चेहरे पाहण्यासारखे असतात. आपल्या भाषेत पावणेदोन हा घराघरातला शब्द आहे, अर्ध्या लिटरचे माप स्वयंपाकघरात आहे. आणि तरी भागाकार म्हणजे ‘यात ते किती वेळा मावते’ हा अर्थ बारा वर्षांच्या शालेय शिक्षणात त्यांना कोणी दाखवलेला नसतो. सूत्र कोणते लावायचे, ही शंका येते ती इथून.

सिंगापूरने नेमके इथेच काम केले. १९८० च्या दशकात तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या गटाने, खो तेक हाँग यांच्या नेतृत्वाखाली, प्राथमिक गणिताची पुस्तके नव्याने लिहिली. आधी हातात धरता येणाऱ्या वस्तू, मग चित्र, आणि मग चिन्हे, असा क्रम त्यांनी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या विचारांवरून घेतला आणि शाब्दिक उदाहरणासाठी आयताकृती पट्ट्या काढण्याची रीत बसवली. ‘रमाजवळ श्यामच्या तिप्पट पैसे आहेत आणि दोघांचे मिळून ८० रुपये होतात’ असे उदाहरण असेल तर मूल रमाच्या नावापुढे तीन सारख्या पट्ट्या काढते, श्यामच्या नावापुढे एक. चार पट्ट्यांचे ८०, म्हणून एका पट्टीचे २०. बीजगणितातला ‘क्ष’ यायच्या आधी दोन-तीन वर्षे मूल त्याच्याशी असे खेळलेले असते. १९९५ च्या पहिल्या टिम्समध्ये हा चिमुकला देश चौथी आणि आठवी या दोन्ही इयत्तांत पहिला आला. पट्ट्या काढायला कोणतेही महागडे साधन लागत नाही; आमच्या सराव पाठांत, जिथे छत गळते आणि दोन इयत्ता एका खोलीत बसतात अशा शाळेतही, खडूने काढलेल्या पट्ट्या चालतात. पण सिंगापूरच्या सर्व शिक्षकांना एकाच राष्ट्रीय संस्थेत घडवले जाते आणि नोकरीत आल्यावर दरवर्षी शंभर तास स्वतःच्या शिक्षणासाठी मिळण्याची सोय आहे, हा भाग पुस्तकांबरोबर आयात होत नाही.

जपानची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, कारण ती पैशावर कमी आणि सवयीवर अधिक उभी आहे. १९९५ च्या टिम्सबरोबर जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतले आठवीचे २३१ तास चित्रित करून अभ्यासले गेले. अमेरिकी वर्गात शिक्षक रीत दाखवत आणि मुले तशीच उदाहरणे सोडवत. आमच्याकडेही बहुतांश तास असाच चालतो. जपानी वर्गात एक उदाहरण दिले जाई, मुले त्याच्याशी झटत, मग तीन-चार जणांच्या वेगवेगळ्या रीती फळ्यावर शेजारी-शेजारी येत आणि त्यांवर चर्चा होई. असा तास घडवण्यामागे ‘जुग्यो केंक्यू’ नावाची जुनी प्रथा आहे: शिक्षकांचा गट मिळून एका पाठाचे टाचण करतो, एक जण तो पाठ घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत नोंदी करतात आणि नंतर सगळे बसून पाठ सुधारतात. टीका पाठावर होते, पाठ घेणाऱ्यावर होत नाही. आमच्याकडे पाठ निरीक्षण आहे, त्याचा छापील तक्ता आहे, गुणदान आहे. निरीक्षकाचे डोळे मात्र छात्राध्यापकाच्या फलकलेखनावर आणि आवाजावर असतात. मागच्या बाकावरचे मूल वहीत काय लिहिते आहे, याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

राज्याचे धोरण या प्रश्नाकडे कसे पाहते, याचा एक दाखला २०२४ मध्ये मिळाला. शालेय अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे, मात्र पुढे त्याला या विषयांकडे जाता येणार नाही, अशी तरतूद सुचवली गेली. एका विषयापायी मुलाचे सगळे शिक्षण तुटू नये, ही काळजी मला पटते. दहावीत गणितात राहिलेल्या आणि मग बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा शेतात कायमच्या गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तरी या तरतुदीचे मला दुःख होते. ज्याला पाचवीत भागाकार शिकवायचे राहून गेले, त्याला दहावीत आपण सांगतो की गणित तुझ्यासाठी नव्हतेच. पंधराव्या वर्षी किती गुणांना पास करावे, हा प्रश्न फार उशिरा विचारलेला आहे. ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंतच्या पायाभूत संख्याज्ञानावर भर दिला आहे आणि असरच्या २०२४ च्या आकड्यांत तिसरीच्या मुलांची वजाबाकी २०२२ च्या २५.९ टक्क्यांवरून ३३.७ टक्क्यांवर आलेली दिसते. वाढ थोडी आहे, पण दिशा बरोबर आहे, आणि ती खालच्या इयत्तांतून आली आहे हे विशेष.

केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद आपल्या राज्यात आधीपासून भरते. आसपासच्या शाळांचे शिक्षक तिथे एकत्र येतात, पण त्या दिवसाचा मोठा भाग परिपत्रके वाचण्यात आणि माहिती भरण्यात जातो. आमच्या विद्यालयाजवळच्या एका केंद्रात काही शिक्षकांनी यातला एक तास पाठासाठी मोकळा केला, आणि मला बोलावले. तिसरीच्या वर्गात ५२ वजा २७ हा पाठ झाला. प्रत्येक शिक्षक एकेका मुलाशेजारी बसला होता, तोंडाने काहीही न सांगता, फक्त मूल काय करते ते टिपत. नोंदी एकत्र केल्यावर दिसले, की अनेक मुलांनी ३५ उत्तर काढले होते: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्यांना वजाबाकी येत होती. वरचा अंक लहान असेल तर दशक सोडवून एकक करावे लागतात, हे त्यांनी फळ्यावर पाहिले होते, हाताने केले नव्हते. एका शिक्षिकेने नोंदले होते, की तिच्या शेजारच्या मुलाने आधी बोटांवर २७ पासून ५२ पर्यंत मोजत जाऊन २५ काढले, मग फळ्यावरची रीत आठवून ते खोडले आणि ३५ लिहिले. त्या एका नोंदीवर चर्चा बराच वेळ चालली. त्याची पहिली रीत बरोबर होती, ती वर्गासमोर यायला हवी होती, आणि ती बाहेर काढायची कशी, याचे टाचण मग सगळ्यांनी मिळून पुन्हा केले. पुढच्या परिषदेत तोच पाठ दुसऱ्या शाळेतल्या तिसरीत घ्यायचा ठरला: दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून मुलांच्या हातात द्यायचे, रबर त्यांनीच सोडायचे, आणि मांडणीची रीत फळ्यावर सर्वांत शेवटी लिहायची.